विकत घेणारा

चंदीगडच्या हिवाळ्यात उन्हाला मोठा मान असतो. डिसेंबरच्या अखेरीस धुके कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही, आणि ज्या दिवशी ते हटते त्या दिवशी निम्मे शहर सतरा सेक्टरच्या फरसबंद चौकात येऊन बसते. ल कॉर्ब्यूझिए याने शहराचा आराखडा आखताना ही जागा पायी चालणाऱ्यांसाठी राखली. तेथे वाहनांना मज्जाव आहे. शेंगा, गजक आणि रेवड्या विकणारे, फुगेवाले, उन्हाकडे पाठ करून बसलेले पेन्शनर, आणि मधूनच कोठेतरी डफ वाजू लागला की त्याभोवती जमणारे कोंडाळे असे त्या चौकाचे रूप असते. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे या शहरात राहिलेला मी एक मराठी माणूस. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी अशाच एका कोंडाळ्यात मी उभा होतो. विद्यार्थ्यांचे पथनाट्य चालले होते.

पंजाबात पथनाट्याची परंपरा जुनी आणि कसदार आहे. गुरशरण सिंग हे भाक्रा धरणावर काम करणारे अभियंते. त्यांनी सरकारी नोकरीत असतानाच नाटकास आरंभ केला आणि पुढे आयुष्यभर गावोगाव, ओट्यावर, खळ्यावर नाटके केली. २०११ साली त्यांचे निधन झाले ते या चंदीगडातच. त्यांना पाहिलेली माणसे येथे अजून भेटतात. सरकारी नोकराने रस्त्यावर उभे राहून नाटक करावे ही गोष्ट मला तरी जमली नसती. मी पाहणाऱ्यांतला.

नाटक साधे होते. पडदा नाही, नेपथ्य नाही. काळे सदरे घातलेली सात-आठ मुले-मुली. भाषा हिंदी-पंजाबीची सरमिसळ. आरंभी सूत्रधार एकेका पात्राला हाक मारी आणि ते पात्र पुढे येऊन आपण कोण ते सांगे. आई आली, बाप आला, गावातली ओळखीची ‘मावशी’ आली, रेल्वेचा तिकीट तपासनीस आला, हवालदार आला, बारा वर्षांची मुलगी आली. मग सूत्रधाराने पुकारले, “खरीदार!” कोणी आले नाही. त्याने तीनदा पुकारले, थोडी वाट पाहिली आणि नाटक पुढे सुरू केले.

गोष्ट तुमच्या-आमच्या ऐकिवातलीच. खेड्यातील मुलगी, बापाच्या हाती ठेवलेली उचल, शहरात शिक्षण व नोकरी देण्याचे वचन, आणि मग एका घरातून दुसऱ्या घरात होणारी रवानगी. शेवटी ती मुलगी तबकात कागदी पेले घेऊन आली आणि प्रेक्षकांसमोरून फिरू लागली. पेल्यांत खरा चहा होता. थंडी होती, चहा वाफाळत होता. तबक माझ्यापुढे आले आणि मी पेला उचलला. तिच्याकडे न पाहता उचलला, कारण त्या वेळी मी सूत्रधाराकडे पाहत होतो. आठ-दहा जणांनी चहा घेतल्यावर सूत्रधाराने पुन्हा पुकारले, “खरीदार!” आणि ज्यांच्या हाती पेले होते त्यांच्याकडे तो नुसता पाहत राहिला. मग डफ वाजला. नाटक संपले.

तो चहा प्यावयाचा होता की खाली ठेवावयाचा होता, हे मला अद्याप कळलेले नाही.

श्रोतेहो, बालकांच्या व्यापाराविरुद्ध लोकजागृती करण्याच्या कामी कलेचा काय उपयोग होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. माणसांचा व्यापार आपल्या संविधानाने २३ व्या अनुच्छेदात निषिद्ध ठरवला आहे. म्हणजे १९५० पासून तो निषिद्धच आहे. त्यानंतरचे कायदेही थोडे नाहीत. परंतु कायद्याच्या पुस्तकांविषयी बोलण्याचे काम मी कचेरीत रोज करतो. येथे ते करीत नाही. येथे मला एवढेच विचारावयाचे आहे की, विकल्या जाणाऱ्या मुलाची कथा आपल्या कलेने आजवर कशी सांगितली, आणि ती सांगताना तिची नजर कोणाकडे होती?

ही कथा आपल्याकडे नवी नाही. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाचे आख्यान आहे. अजीगर्त नावाचा भुकेने व्याकुळ झालेला ब्राह्मण, त्याला तीन मुलगे. राजपुत्र रोहित त्यांतील एक मागतो. वरुणाला स्वतःच्या ऐवजी बळी देण्यासाठी. बाप थोरल्याला जवळ ओढतो, आई धाकट्याला. मधला उरतो. त्याची किंमत शंभर गाई ठरते. पुढे यूपाला बांधण्याचे आणखी शंभर आणि शस्त्र चालवण्याचे आणखी शंभर बापच मागून घेतो. तीन हजार वर्षांच्या आसपासचा हा मजकूर. पण मुलगा घरातून कसा ‘उरतो’ याचे इतके नेमके वर्णन मी कोणत्याही सरकारी अहवालात वाचलेले नाही. आणि एक विशेष म्हणजे हे आख्यान राजसूय यज्ञात, अभिषेक झालेल्या राजाला ऐकवावयाचे असते. शुनःशेप शेवटी सुटतो, आणि बाप परत बोलावतो तेव्हा जात नाही. तो विश्वामित्राचा मुलगा होतो.

दुसरी कथा त्याच राजघराण्यातली, आणि ती तर घरोघर माहीत आहे. हरिश्चंद्राने काशीच्या बाजारात तारामती आणि रोहिदास यांना विकले. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट काढला तो याच कथेवर, आणि त्यात रोहिदासाचे काम स्वतःच्या मुलाला, भालचंद्राला दिले. १९३२ साली ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला तोही याच कथेवर. म्हणजे आपल्या चित्रपटाचा आरंभच एका मुलाच्या विक्रीने झाला आहे, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. लहानपणी आजीच्या तोंडून ही कथा ऐकताना आम्ही रडत असू. रोहिदास धन्याच्या पूजेसाठी फुले आणायला जातो, त्याला साप चावतो, आई त्याला उचलून स्मशानात नेते. आम्ही राजाच्या सत्यासाठी रडलो, आईसाठी रडलो. पण कोवळ्या मुलाला फुलांसाठी एकट्याला रानात धाडणारा तो धनी कोण होता, असे आमच्यापैकी कोणी आजीला विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. विकणाऱ्याचे सत्त्व आणि विकलेल्याचे दुःख यांच्या मधल्या जागेत विकत घेणारा सुखाने उभा असतो. त्याच्यावर प्रकाश पडत नाही.

आजच्या काळातील भित्तिपत्रके पाहिली तर तीच चूक निराळ्या रंगात दिसते. काळी पार्श्वभूमी, साखळदंडाने बांधलेले दोन हात, गजांमागचा रडवेला चेहरा, गालावर एक मोठा अश्रू. अशा भित्तिपत्रकांना एकेकाळी मीदेखील मान्यता दिलेली आहे, तेव्हा हे दुसऱ्याचे दोष म्हणून सांगत नाही. त्यांचे वाईट असे की ती पाहणाऱ्याला निश्चिंत करतात. साखळदंड आपण कोठे पाहिले आहेत? गज कोठे पाहिले आहेत? तेव्हा ही गोष्ट कोठेतरी दूर, अंधाऱ्या गल्लीत घडत असली पाहिजे, असे त्याला वाटते. वस्तुतः या व्यापारात साखळदंड सहसा लागतच नाही. मुलाला घेऊन जाणारे माणूस ओळखीचे असते. पुष्कळदा नात्यातले, पुष्कळदा बाईमाणूस. गाडीचे रीतसर तिकीट काढलेले असते. शहरात पोहोचल्यावर नाव बदलले जाते, वय अठरा सांगितले जाते, पगार मध्यस्थाकडे जातो. मुलाला गावाचे नाव ठाऊक असते, परंतु जिल्ह्याचे नसते; मग ते पळून जाईल कोठे? अंतर हाच त्याचा गज. हे चित्रात काढावयाचे कसे, हा चित्रकारापुढचा खरा प्रश्न आहे.

मराठी रंगभूमीने या प्रश्नाला एकदा फार जवळून हात घातला. १९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या अश्विनी सरीन या वार्ताहराने माणसांचा बाजार चालतो हे सिद्ध करण्यासाठी कमला नावाची एक स्त्री पैसे मोजून विकत घेतली आणि ती हकीकत वर्तमानपत्रात छापली. त्यावरून विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ हे नाटक लिहिले. नाटकातील जयसिंग जाधव हा दिल्लीत नाव कमावलेला मराठी पत्रकार. तो अडीचशे रुपयांना एक आदिवासी बाई विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत तिला पुरावा म्हणून उभी करतो. ती परिषद तेंडुलकर रंगमंचावर दाखवीत नाहीत. नाटक जयसिंगच्या घरातच घडते. तेथे काय झाले, लोक तिला काय विचारून कसे हसले, हे तो घरी परतल्यावर आपल्याला कळते. मला ही फार मोठी समज वाटते. ती परिषद दाखवली असती, तर कमलेकडे पाहणाऱ्यांत आपणही जाऊन बसलो असतो. त्याऐवजी तेंडुलकर तिला घरच्या मालकिणीसमोर बसवतात, आणि ती अडाणी बाई सरिताला सरळ मनाने विचारते की तुला केवढ्याला आणले? त्या प्रश्नानंतर ते सुशिक्षित घर पूर्वीचे राहत नाही.

कमला प्रौढ स्त्री आहे, बालक नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या नाटकातील शंका बालकांच्या बाबतीत अधिकच खरी आहे. दुःख उघडकीस आणण्यासाठी ज्याचे दुःख त्यालाच पुन्हा एकदा बाजारात उभे करावयाचे का? आपल्या कायद्याने याचे उत्तर दिले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे अशा बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. छायाचित्रकाराचा हात जेथे कायदा धरतो, तेथे चित्रकाराचे काम सुरू होते. कोलकात्याच्या लीना केजरीवाल स्वतः छायाचित्रकार. त्यांनी २०१४ पासून मुलींच्या काळ्या आकृत्या उभ्या करण्यास आरंभ केला. चेहरा नाही, डोळे नाहीत, कपड्यांचा रंग नाही. उघड्या आभाळासमोर उभी केलेली मुलीच्या आकाराची सपाट काळी आकृती. दुरून पाहिले तर आभाळालाच त्या आकाराचे भोक पडले आहे असे वाटते. पुढे त्याच आकृत्या अनेक शहरांच्या भिंतींवर रंगवल्या गेल्या. तेथे पाहण्यासारखे काही नाही. जे नाही तेच पाहावयाचे आहे. आपल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगतात. येथे चित्र आहे, गोष्ट पाहणाऱ्याने आठवावयाची आहे.

जे नाही त्याची मोजदाद आपण कशी करतो, हा विचार मला दिल्लीला जाताना नेहमी येतो, कारण वाटेत पानिपत लागते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारानंतर मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, अशा अर्थाचे सांकेतिक पत्र गेल्याचे आपण शाळेत शिकलो. मोत्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. पण लढाईनंतर फौजेबरोबरच्या बायका-मुलांना हजारोंनी गुलाम करून नेले गेले, त्यांतील एकाही मुलाचे नाव मला कोणी शिकवले नाही. ती त्या खुर्द्यातही धरली होती की नाही, कोण जाणे.

आता मी पुन्हा त्या चहाकडे येतो.

आमच्या शेजारी एक कुटुंब राहते. सेक्टर सांगत नाही. सज्जन माणसे, आमच्या घरी आजारपण आले तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढणारी. रविवारी सकाळी त्यांच्या हिरवळीवर उन्हात आमची बैठक असे, आणि तेथे चहा घेऊन येणारी एक मुलगी होती. घरात तिला ‘छोटी’ म्हणत. अंगावर चांगला स्वेटर असे. मी तिला मारलेले, रागावलेले कधी पाहिले नाही. निदान वर्षभर मी तिच्या हातचा चहा घेत होतो. पथनाट्य पाहिल्यानंतरच्या रविवारी तबक पुढे आले तेव्हा मी प्रथम विचार केला की हिचे वय काय असेल. बारा? तेरा? चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. ही तारीख मला तोंडपाठ होती. ती हिरवळीवर बसलेली असताना मला आठवली नव्हती, इतकेच.

पुढे नऊ दिवस मी काही केले नाही. या नऊ दिवसांत मी स्वतःशी जे बोललो ते सांगण्यासारखे नाही, पण ऐकणाऱ्यांना ते अपरिचित नसेल. येथे ती पोटभर जेवते. परत पाठवली तर कोठे जाईल? मी सरकारी अधिकारी. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार केली तर लोक काय म्हणतील? आणि कदाचित ती पंधरा वर्षांचीही असेल. दहाव्या दिवशी मी जे केले ते त्याहून वाईट होते. मला वाटले, आधी त्यांच्याच कानावर घालावे. सभ्यपणाचे तेच होईल. मी बोलता बोलता म्हणालो, “भाईसाहब, ही मुलगी वयाने लहान दिसते. कोठून आली?” ते हसले, म्हणाले, एका ओळखीच्या बाईने आणून दिली, कागदपत्रे तिच्याकडे आहेत. विषय तेथेच संपला. पुढल्या रविवारी चहा वहिनींनी स्वतः आणला. छोटी गावी गेली होती, कोणाच्या तरी लग्नाला.

त्या संध्याकाळी मी १०९८ हा क्रमांक फिरवला. १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेत सुरू झालेल्या उपक्रमातला हा क्रमांक. रस्त्यावरच्या मुलांना ‘दस नौ आठ’ असा लक्षात राहावा म्हणून निवडलेला. फोनवरची बाई शांत होती. तिने माझे नाव विचारले नाही. मुलीचे विचारले. मी म्हणालो, छोटी. खरे नाव? ठाऊक नाही. बापाचे नाव, गाव, जिल्हा? ठाऊक नाही. बोली कोणती? हिंदी बोलत असे, पण थोडेच. उंची, रंग, चेहऱ्यावर काही खूण? मी पुष्कळ वेळ गप्प राहिलो. ओळखपरेडीचे नियम मला येतात. आणि वर्षभर दर रविवारी हातभर अंतरावर उभ्या राहिलेल्या मुलीचा चेहरा मला सांगता येत नव्हता.

नोंद झाली. हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिले आहे. चौकशी झाली, शेजाऱ्यांना बोलावणे गेले. आमचे जाणे-येणे आता नाही. ती ओळखीची बाई दिलेल्या पत्त्यावर राहत नव्हती.

शोधाला रेखाचित्राचा उपयोग होईल असे मला वाटले. पथनाट्यातील त्या मुलांपैकी एक कला महाविद्यालयात शिकत होता. त्याचा मी शोध काढला. आम्ही दोघे दोन तास बसलो. तो विचारी, डोळे कसे होते? कपाळ रुंद की अरुंद? केस कोठवर? मी सांगे, तो काढी, आणि मी म्हणे, नाही, अशी नव्हती. चार कागद वाया गेले. शेवटी त्याने विचारले, “अंकल, तुम्हांला तिचे काय आठवते?” मला तिचे हात आठवत होते. उजव्या अंगठ्याचे नख काळवंडलेले होते. तबक धरताना तो अंगठा वर येई. डाव्या मनगटावर भाजल्याची जुनी, लांबट खूण होती. ती मी पाहिलेली होती. पाहून काही विचारले नव्हते.

त्याने तबक काढले, दोन हात काढले, अंगठा आणि मनगटावरची खूण काढली. वरचा कागद कोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तो कागद चौकशी अधिकाऱ्याकडे दिला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला, आणि विशेष खुणा या रकान्यात ‘डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण’ असे लिहून घेऊन नोंदीला जोडला.